एका हाताची सोय

आमच्या मालकांना शुभकार्यात डावा हात वर्ज्य. माणूस अत्यंत देवभोळा, आणि त्यांच्याइतका निर्दय माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सातपूरच्या त्यांच्या कारखान्यात पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेस होत्या, आणि त्या चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम मी लिहीत होते. बटणाचा इशारा आला की ठरल्या क्षणात उत्तर द्यायचं, एवढंच तिचं काम. उशिरा आलेलं बरोबर उत्तरही तिथे चूकच. चिपमध्ये जागा जेमतेम, म्हणून प्रोग्रामच्या सुरुवातीला ऑप्शन ठेवलेले. ऑप्शनपुढे एक लिहिलं की प्रोग्रामचा तो भाग चिपमध्ये जायचा, शून्य लिहिलं की गळायचा. फक्त एका गोष्टीला मी ऑप्शन ठेवला नव्हता. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही. हात बटणांवर असले म्हणजे साच्यात नसतात, इतकं साधं.

खंडेनवमीला मालकांना पूजा करून नवी प्रेस सुरू करायची होती, तीही फक्त उजव्या हाताने. "पूजेपुरतं एका बटणावर चालू द्या. ऑप्शन ठेवा, नंतर बंद करा."

मी म्हटलं, "एकदा ठेवला की तो कोणी बंद करणार नाही."

"मॅडम, मशीन आमचं आहे," ते हसून म्हणाले. माझ्या वरिष्ठांनी माझ्यादेखत एका बटणाच्या ऑप्शनची ओळ घातली.

नारळ फुटला, पेढे वाटले गेले. दसरा झाल्यावर मी दोन बटणांची जुनी चिप बसवायला गेले, तर सुपरवायझर आडवा आला. एक हात बटणावर ठेवून दुसऱ्याने पत्रा सरकवता येत होता आणि माल भराभर पडत होता. मालकांना देव पावला होता.

दिवाळीच्या आत त्या प्रेसवरच्या कामगाराचा डावा पंजा साच्यात गेला. दिंडोरीकडचा, सदा हसतमुख माणूस. दवाखान्यात मालक त्याला म्हणाले, "लक्ष कुठं होतं रे तुझं?" ते वाक्य आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी कोणाला न विचारता तो ऑप्शन समूळ खोडला आणि नवी चिप बसवली. सरकारी तपासणीच्या धास्तीने कोणी ब्र काढला नाही.

पुढे जखम भरल्यावर तो कामगार थेट माझ्या टेबलापाशी आला. शर्टाची डावी बाही खालपर्यंत सोडलेली.

"मॅडम, ती एका हाताची सोय परत करा."

"मालकांनी पाठवलं का तुम्हाला?"

"नाय, माझा मीच आलो. दोन बटनं मी आता कशी दाबू? मालक म्हनले, प्रेस चालवता आली तर ये, नायतर घरी बस. लेकरं लहान हायेत, मॅडम."

मी त्याला बरंच समजावलं. उरलेल्या हाताचं काय, असंही विचारलं. तो टेबलापासून हलेना.

मी ती ओळ पुन्हा लिहिली आणि तिच्यापुढे एकचा आकडा टाकला. तो सवयीने हात जोडायला गेला, मग नुसतीच मान हलवून प्रेसकडे वळला.