चाकाचा अडलेला नट

बाबा पाण्याच्या पेल्यालाही ‘थँक्यू’ म्हणायला लागले, तेव्हा मी खरी घाबरले. कॉटन ग्रीनच्या एका वर्कशॉपमध्ये जन्मभर फिटर म्हणून राबलेला हा माणूस. घरात त्यांचा आवाज चढला की शेजारी आपला टीव्ही बारीक करायचे. पण अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि सगळंच निवलं. उजव्या हातात बरीचशी ताकद परत आली, जीभही वळायला लागली, पण बाबा काही परत आले नव्हते. काहीही विचारा, ‘तू म्हणशील तसं.’ डॉक्टर म्हणाले, धीर धरा. माझ्याकडे नेमका तोच नाही.

एका रविवारी आमच्या चिंचपोकळीच्या चाळीखाली उभी केलेली माझी गाडी पंक्चर निघाली. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याला हाक मारायची, की झालं. मी मुद्दाम बाबांना खाली नेलं. हाताला काम मिळालं तर माणूस जरा हलेल, एवढाच माझा डाव. चाकाचे बाकीचे नट मी सैल केले, शेवटच्याला बाबांनी पाना लावला. तो नीट बसलाच नव्हता. जोर दिल्यावर सटकला, आणि नटाच्या कडाच गेल्या. पुन्हा लावला, तर नुसताच फिरत राहिला.

बाबांनी पाना खाली ठेवला. “सॉरी बाळा. माझ्याकडून नाही होत आता. बोलव त्या पंक्चरवाल्याला.”

कुठून ही दुर्बुद्धी सुचली, असं झालं. आता पंक्चरवाला आला असता, तर बाबांनी पुन्हा कशालाच हात लावला नसता. मग मीही हट्टाला पेटले.

“बोलवते. पण तुमच्या वर्कशॉपमध्ये असा नट आला असता तर काय केलं असतंत?”

“एक नंबर लहान गोटी घ्यायची,” ते पुटपुटले. “ठोकून बसवायची. मग ती चावते.”

मी वरून त्यांची पेटी आणली. गोटी म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा पाना. ठोकताना ती कुणीतरी सरळ धरायला हवी. बाबांनी आपणहून धरली, तीही झटका बसलेल्या उजव्या हाताने. मी हातोडी उचलली आणि माझंच अवसान गळालं. चुकून त्या हातावर बसली तर? मी दार वाजवावं तसं हळूच ठोकलं. पुन्हा तसंच.

“मार गो!” बाबा थेट मालवणीत कडाडले. “बघतस काय? जेवूक नाय तुका? हात माझो आसा, तुझो नाय!”

सगळ्या गॅलऱ्यांमधून माणसं डोकावली. मी दातओठ खाऊन घाव घातले, गोटी घट्ट बसली. दांडा लावून आम्ही दोघांनी मिळून जोर केला आणि कट्ट करून नट सुटला. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच फतकल मारून बसले आणि हसत सुटले. बाबांना त्याचं काही नव्हतं. हातोडी कशी धरतात, अक्कल कुठे गहाण टाकलीस, त्यांचं चालूच होतं.

आई धापा टाकत जिना उतरून आली. या आरड्याओरड्याने जीव नकोसा झाला, असं ती लग्न झाल्यापासून सांगत आली आहे.

“ते ओरडले?”

“हो.”

“कोणावर?”

“माझ्यावर.”

तिने पदर डोळ्यांना लावला. “आता माझ्यावर पण ओरडतील ना गं?”