मूठभर कणीक

डॉक्टर म्हणाले, "आजी, तुम्हाला सिलिअ‍ॅक आहे. गव्हाचा कणही चालणार नाही. जन्मभर."

सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या चिकट भागाने आतडं आतून झिजतं. खाल्लेलं अंगी लागत नाही. मी विचारलं, "जन्म उरलाय किती?" ते हसले नाहीत.

त्याआधी वर्षभर जुलाब होते. रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, सहावर आलं. नांदेडला तोंडातून नळी घालून आतडं पाहिलं. त्याला एन्डोस्कोपी म्हणतात. घसा दुखतो, बाकी काही नाही.

गहू सोडणं सोपं होतं, आम्ही ज्वारीची माणसं. पण पंगत सुटली. शेजारी राहणारी धाकटी जाऊ सुमन कालवणाची वाटी पाठवायची, तिनेही भिऊन ती बंद केली. मी एकटीच जेवू लागले.

लेकीने वसमतहून ग्लुटेन नसलेली बिस्किटं पाठवली. एकटीसाठी चूल कशाला पेटवा, म्हणून तीन महिने चहात तीच बुडवली. रक्त वाढलं नाही. डॉक्टरांनी पुडा वाचला.

"नुसता तांदूळ, स्टार्च आणि साखर. पोट भरतं, रक्त भरत नाही. ज्वारी, राजगिरा, हरभरा, तीळ घ्या. गव्हाच्या गिरणीत दळू नका. महिन्यात फरक नाही पडला तर भरती करून रक्त चढवू."

जात्यावर दळलं. गूळ-तूप घालून, कढईत मीठ तापवून त्यावर ताटलीत बिस्किटं भाजली. हात लावताच भुगा.

सुमन दारातून पाहत होती. "अक्का, बिस्कुट हाय का राख? सरका, मी करते."

तिची अख्खी उतरली. दोघींनी मिळून खाल्ली. कितीतरी दिवसांनी कोणी माझ्यासोबत खात होतं. मी आठ खाल्ली.

रात्रीपासून जुलाब. सकाळी तिला विचारलं.

"मूठभरच कणीक घातली. जुळून येईना तर काय करू? मुठीनं काय व्हतंय?"

"मारायला निघालीस का मला?" मी म्हणाले. ती उठून गेली.

ज्वारीचं पीठ जुनं झालं, भाकरी तुटू लागली की आपण आधणाचं उकळतं पाणी घालतो. मी तेच केलं. बिस्किटं जुळली. डॉक्टरांनी दिलेल्या रक्तवाढीच्या गोळ्या आणि ही बिस्किटं, महिन्याने रक्त आठच्या वर गेलं. डॉक्टर म्हणाले, "भरती नको."

सांगायला घरी कोणी नव्हतं. डबा घेऊन सुमनकडे गेले. पहिल्यांदाच तिला म्हटलं, "चुकलं माझं."

"ठिवा तिथं," ती म्हणाली. "माझा हात लागला तर पुन्ना माझ्यावर याल."

तिने घेतलं नाही. मी तिच्याच पायरीवर बसून खाल्लं. उद्याही जाणार आहे. हा आजार झालेल्यांनो, ताट वेगळं करा, पण एकट्याने जेवायची सवय लावून घेऊ नका.