न पाहिलेला चेंडू

नेऱ्याच्या मैदानात टेनिस बॉलच्या स्पर्धा असल्या की कॉमेंट्रीचा माईक सकाळपासून माझ्याच हातात. बोलवायचे सामना सांगायला आणि दिवसभर स्वागतं करून घ्यायचे पाहुण्यांची. मोबाईलवर लाइव्ह दिसायला लागल्यापासून तर पाहुणेही वाढले. वैताग नुसता! एका फायनलला शेवटचा चेंडू माझा धाकटा भाऊ खेळत होता आणि मी मान खाली घालून पाहुण्यांची यादी वाचत होतो. आरडाओरडा झाला, फटाके वाजले, तेव्हा कळलं, आपण जिंकलो.

घरी आईने विचारलं, "शेवटचा कसा मारला रे याने?"

घसा पार बसला होता, तरी मी अख्खा फटका रंगवून सांगितला. आई आत गेल्यावर भाऊ हळूच म्हणाला, "दादा, आमी बाय पळून जिंकलो. बॉल बॅटला लागलाच नाय."