उणे तीस अंशांचे प्रभारी अभियंता

खटावकरकाका स्वतःच्या घरातला दिवा लावत नसत. स्वयंपाकघरातला नाही, न्हाणीघरातला नाही, दारातला तर नाहीच. न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागात एकाच छपराखाली दोन भाड्याची घरं होती. एकात काका आणि शैलाकाकू राहायचे, दुसऱ्यात मी. मधली भिंत नावालाच होती. मी राहायला आले त्याच आठवड्यात पलीकडून ऐकू आलं, "अगं शैला, तेवढं बटण दाब." थोड्या वेळाने पुन्हा तेच. मला वाटलं, बिचाऱ्यांचा हात मोडला असावा. शेजारधर्म म्हणून दुखऱ्या सांध्यांचं मलम घेऊन गेले, तर दोन्ही हात ठणठणीत. एका हातात चहाचा कप होता आणि दुसऱ्याने त्यांनी मला बसायची खूण केली.

"इथल्या दोनशे तीस व्होल्टवर माझा अधिकार नाही," ते म्हणाले. "नोंदणी नाही माझी. बिननोंदणीच्या माणसाने मेनच्या कामाला हात लावायचा नाही, असा इथला कायदा आहे."

"अहो काका, वायरिंगला हात लावायचा नाही. बटणाला नाही."

"बटण हे वायरिंगचंच टोक आहे. तू काय करतेस?"

"मी फार्मासिस्ट आहे. पापाकुराला एका दुकानात."

"मग तू औषधांचं सांग, मी ऐकेन," ते म्हणाले, आणि विषय तिथेच मिटला.

काका महाराष्ट्रात वीजखात्यात उपअभियंता होते. सव्वीस वर्षं नोकरी. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य दिवसातून एकदा तरी यायचंच, "माझ्या सहीवर माणूस खांबावर चढायचा." लाइन बंद आहे, आता वर जायला हरकत नाही, असा कागद ते सही करून द्यायचे आणि लायनमन बिनधास्त वर जायचा. सव्वीस वर्षांत वर गेलेला प्रत्येक माणूस जेवायच्या वेळेला घरी गेला होता, हे सांगताना त्यांचा आवाज जरा बदलायचा. न्यूझीलंडने त्यांना याच अनुभवाचे गुण मोजून बोलावलं आणि मग सांगितलं की तो अनुभव इथला नव्हे. नोंदणीला इथला अनुभव हवा आणि अनुभवाला नोंदणी हवी. काका तीन वर्षं त्या दोन दारांमध्ये उभे होते. उभे म्हणजे अगदी शब्दशः, कारण दक्षिण ऑकलंडच्या एका शीतगृहात उणे पंचवीस अंशांत ते गोठवलेल्या वाटाण्यांची खोकी रचायचे.

शैलाकाकू एका वृद्धाश्रमात नोकरी करायच्या आणि रोज एकच प्रश्न विचारायच्या, "अहो, कधी जायचं परत?" सांगलीचं घर बंद होतं, त्यांची आई वाट बघत होती. काकांचं उत्तरही ठरलेलं होतं. "येताना इंजिनिअर होतो. खोकी रचणारा म्हणून परत जाणार नाही. या देशातल्या कुणीतरी एकदा कागदावर लिहून द्यावं की हा माणूस इंजिनिअर आहे. दुसऱ्या दिवशी तिकिटं काढतो." काकूंनी पलंगाखाली एक बॅग अर्धी भरून ठेवली होती. दर उन्हाळ्यात त्या तिच्यातले कपडे काढून ऊन दाखवत आणि पुन्हा भरत. ते बघून मला हसू यायचं आणि मग हसल्याची लाज वाटायची.

कायद्यात एक फट होती. बॅटरीच्या कामाला नोंदणी लागत नव्हती. काकांनी त्या फटीत संसार थाटला. "बारा व्होल्टलाही इज्जत असते," असं म्हणत त्यांनी मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानातून एलईडीच्या पट्ट्या आणून घरभर लावल्या. प्रत्येक खोलीला स्वतंत्र फ्यूज, प्रत्येक फ्यूजला नाव. तेव्हा ते दिवे नवीनच होते आणि त्यांचा उजेड निळसर पडायचा. जेवायला बोलावलेले पाहुणे एकमेकांची तोंडं बघून तब्येतीची चौकशी करायचे. एका डॉक्टरीणबाईंनी तर वरणभाताच्या आधी नवऱ्याची नाडी बघितली.

अशा माणसाकडे मी वॉल्टरला पाठवलं, ही माझी चूक.

वॉल्टर माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक. मूळचा कॅनडाचा, चाळीस वर्षांपूर्वी पापाकुराच्या मुलीशी लग्न करून इथे आलेला, आता एकटा. कॅनडात म्हणे हिवाळ्यात तळी गोठतात, लोक बर्फावर लाकडी खोपटं नेऊन ठेवतात, खोपट्याच्या जमिनीला भोक, खाली बर्फाला भोक, आणि त्यात गळ सोडून दिवसभर बसतात. वॉल्टरने तसलं खोपटं आपल्या परसात बांधलं होतं. पापाकुराला बर्फ बघायचा तर फ्रीज उघडावा लागतो. तो रोज दुपारी त्यात कंदील लावून बसायचा आणि हिरवळीत गळ सोडायचा. आजवर एक गोगलगाय लागली होती, तीही त्याने सोडून दिली. खोपट्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती, पण कंदिलाच्या धुराने त्याचा दमा वाढला होता. म्हणून म्हटलं, बॅटरीचा दिवा लाव, माझ्या ओळखीचे एक जण आहेत.

काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना विजेचं काम सांगत होतं. खोपट्याला हसणं सोडाच, त्यांनी बूट काढून आत पाऊल टाकलं, मापं घेतली आणि वही उघडून विचारलं, "आतलं तापमान किती धरायचं?"

"उणे तीस," वॉल्टर क्षणाचाही विचार न करता म्हणाला. त्या दिवशी बाहेर चौदा होतं आणि मी अर्ध्या बाह्यांत होते.

काकांनी उणे तीस लिहून घेतलं.

"अहो काका!" मी मराठीत म्हटलं.

"ग्राहक सांगेल ती थंडी," ते म्हणाले. "ती आहे की नाही, हे बघायला त्याने मला बोलावलेलं नाही."

मग त्यांनी ते काम केलं आणि असं काम मी नंतर कुठे बघितलं नाही. उणे तीसला बॅटरी निम्मीच चालते, म्हणून दुप्पट मोठी घेतली आणि थर्मोकोल लावलेल्या पेटीत बसवली. साध्या वायरचं वेष्टण त्या थंडीत तडकतं, म्हणून सिलिकॉनची वायर. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. जाड हातमोजे घालूनही दाबता येईल असं तळहाताएवढं बटण. छताच्या मधल्या आढ्याला पट्टी लावली, पण उजेड बघून वॉल्टरचं तोंड उतरलं. तिकडे कंदील पिवळा असतो म्हणाला. काकूंनी मिठाईच्या खोक्यावरचा पिवळा जिलेटिनचा कागद दिला, तो काकांनी पट्टीवर गुंडाळला. वॉल्टर वर बघत "स्वीट ॲज" म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत एकदम झकास. मला वाटलं, संपलं.

"संपलं कसं? चाचणी कुठे झाली?" काका म्हणाले. "डिझाइन उणे तीसचं आहे. चौदात चालून दाखवलं तर ती चाचणी नव्हे, ती फसवणूक. दिवा खोपट्यात पाहिजे, खोपटं थंडीत पाहिजे आणि ग्राहक खोपट्यात पाहिजे."

"एवढी थंडी आणणार कुठून?"

काकांनी वहीत 'शीतगृह' असं लिहिलं. रोज डबा घेऊन ते तसल्याच थंडीत जात होते.

त्या रविवारी दुपारी शीतगृहात काका एकटेच कामावर होते आणि ऑफिसात त्यांची सुपरवायझर, हिने नावाची उंच, धिप्पाड माओरी बाई. खोपट्याच्या चार भिंती, भोकाची जमीन आणि छप्पर वॉल्टरच्या ट्रेलरमधून आले आणि मागच्या दाराने आत गेले. वाटाणे आणि आइस्क्रीम यांच्या मधल्या गल्लीत काकांनी ते मालाच्या लाकडी फळ्यांवर टेकवून वीस मिनिटांत उभं केलं. वॉल्टर चाळीस वर्षांपूर्वीचा लोकरीचा सूट घालून आला होता. त्यातून डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता आणि चेहरा लग्नाला निघाल्यासारखा दिसत होता. मी साक्षीदार. वॉल्टरचा दम्याचा पंप गोठू नये म्हणून मी तो काखेत धरला होता आणि बजावलं होतं, आत फक्त दहा मिनिटं.

"पाच अंश कमी पडतायत," काकांनी भिंतीवरचा आकडा बघून खेदाने वहीत लिहिलं. मग कोटाच्या खिशातून एक कागद काढला. वर लिहिलं होतं, काम सुरू करण्याची परवानगी. खाली, प्रभारी अभियंता, अ. बा. खटावकर, सही आणि सहीखाली वेळ. एक प्रत त्यांनी वॉल्टरला दिली. "आता आत जायला हरकत नाही," ते म्हणाले. तो आवाज बदललेला होता.

वॉल्टर आत जाऊन स्टुलावर बसला, गळ भोकात सोडला. काकांनी बटण दाबलं. पिवळा उजेड पडला आणि आपली माणसं तिन्हीसांजेला दिवा लागला की करतात तसे काकांचे हात आपोआप जोडले गेले. माझेही. वॉल्टरला वाटलं, हा चाचणीचाच भाग असावा. त्याने हातमोजे काढून हात जोडले.

हिने नेमकी तेव्हा आली. तिच्याकडेही बैठकीच्या आधी प्रार्थना होते, तिला कराकिया म्हणतात. आम्हाला तसं बघून ती मान खाली घालून थांबली. आमचं आटोपल्याची खात्री करून घेतली आणि मगच ओरडली, "मिस्टर के! हे काय चाललंय?"

"मासेमारी," वॉल्टर आतून म्हणाला.

परक्या माणसांना शीतगृहात सक्त मनाई होती. हिनेने खोपटं बघितलं, म्हाताऱ्याला बघितलं, आणि तिला हसू आवरेना. काकांना बाजूला घेऊन ती हळू म्हणाली, "ऐक. मी लिहिते, म्हाताऱ्याचं सामान चुकून इकडे आलं, तू बाहेर काढायला मदत करत होतास. म्हाताऱ्याच्या खिशातून डोकावतोय तो तुझ्या सहीचा कागद मला दाखवूच नकोस."

वॉल्टर तेवढ्यात म्हणाला, "जबाबदारी माझी आहे."

मी मराठीत म्हटलं, "काका, प्लीज. नोकरी जाईल."

काकांनी दुसरी प्रत काढून तिच्या हातात दिली. "सही माझी आहे," ते म्हणाले. "हा माणूस माझ्या सहीवर आत गेलाय. मी नाही म्हटलं तर तो कुणाच्या भरवशावर बसलाय?"

हिनेने कागद वाचला. "मग मला हे वर पाठवावं लागेल, ब्रो."

"पाठवा. नाव नीट लिहा. हुद्दाही."

तिने लिहून घेतलं. जाताना फुटक्या खोक्यातलं, फेकायला काढलेलं मासळीचं एक पाकीट उचललं आणि खाली वाकून वॉल्टरच्या गळाला अडकवलं. वॉल्टरने ते दहाव्या मिनिटाला वर ओढलं. मी पंप घेऊन धावले, तर त्याला दम लागला नव्हता, तो रडत होता. जन्मभर शाकाहारी असलेल्या काकांनी पाकीट हातात न घेता वजन वाचलं आणि वहीत टिपलं.

पत्र गुरुवारी आलं. काकांनी मला भिंतीवर टकटक करून बोलावलं. तोंड अगदी गंभीर. मजकूर इंग्रजीत होता, पण त्यांनी काकूंना तो सरकारी मराठीत करून वाचून दाखवला, "शीतगृहात विनापरवाना उभारलेल्या प्रकाशयोजनेचे प्रभारी अभियंता या नात्याने आपण सर्वस्वी जबाबदार असल्यामुळे आपणांस सेवेतून काढून टाकण्यात येत आहे." मग तेच पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लागले तेव्हा काकूंनी पत्र हातातून घेतलं, चष्मा लावला आणि त्या शब्दावर बोट ठेवलं.

"इंजिनिअर लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"हो. कंपनीच्या कागदावर. खाली सही आहे."

"हाकललं ते हाकललं," काकू चष्मा काढत म्हणाल्या, "पण हुद्द्याने हाकललं हो तुम्हाला." आणि त्या आत गेल्या. पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला. काका माझ्याकडे बघून हसले. तीन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मीही हसले आणि मग माझ्या घरी येऊन भरपूर रडले, कारण भिंतीपलीकडचा तो आवाज आता जाणार होता आणि ऑकलंडमध्ये मला हाक मारणारं दुसरं कुणी नव्हतं.

तिकिटं शुक्रवारी काढली. शब्द म्हणजे शब्द.

विमानतळावर मीच सोडायला गेले. देश सोडणाऱ्याने तेव्हा एक कार्ड भरायचं असे, आणि त्यात व्यवसायाचा रकाना होता. काका तिथे अडले.

"अनघा, बडतर्फ झालेल्या माणसाला हुद्दा लावता येतो का गं? खोटं नको लिहायला."

"अहो, लिहा," काकू रांगेतून म्हणाल्या. "पत्र माझ्या पर्समध्ये आहे. कुणी विचारलं तर दाखवते."

काकांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं. तो शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत इतका ठसठशीत लिहिला की शेवटची दोन अक्षरं चौकटीबाहेर गेली. खाली सही केली. आणि कुणी मागितली नसताना, घड्याळात बघून, सहीखाली वेळ घातली.