वाल्वकाकांचा कॅपॅसिटर

"हंय बस. पाठ माझ्याकडे, तोंड दाराकडे. आणि खोटा सांगा नको."

वाल्वकाकांच्या घरी पहिल्यांदा गेलेल्या माणसाचं स्वागत हे असं व्हायचं. पाणी नंतर, चहा त्याच्याही नंतर. आधी स्टुलावर पाठमोरं बसायचं आणि समोरच्या माडांकडे बघत भजन ऐकायचं. मागे काका एक खटका वर करायचे, मग खाली करायचे आणि विचारायचे, "फरक कळलो? कळलो तर कळलो म्हण, नाय तर नाय म्हण. माका वाईट वाटाचा नाय."

वाईट वाटायचंच हो. कुणी नुसतं अडखळलं तरी चेहरा एवढासा व्हायचा.

मी आचऱ्याच्या पोस्टात काम करते. काका बोटीवर इलेक्ट्रिशियन होते, नोकरी संपवून गावी आले आणि घराच्या पडवीत अ‍ॅम्प्लिफायर बनवायला बसले. तेही जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचे. म्हणून अख्ख्या गावाने त्यांना वाल्वकाका करून टाकलं. त्यांची खोकी पोस्टाने यायची. घरी नेईपर्यंत धीर कुठला? माझ्याच टेबलावर कात्री मागून फोडायचे, आतला बोटाएवढा कॅपॅसिटर उजेडात धरून बघायचे आणि मागे पेन्शनवाल्यांची रांग लागली तरी हलायचे नाहीत.

"काका, बाजूक व्हा बघू जरा."

"बाय, हो बघ तरी. कॅथोडाचो बायपास."

एकदा मी विचारण्याची चूक केली. मग काय, पोस्ट बंद होईपर्यंत व्याख्यान! थोडक्यात सांगते, घाबरू नका. व्हॉल्व्हच्या कॅथोड नावाच्या पायाला एक रेझिस्टर जोडतात. "तो शाळेतलो मास्तर," काका म्हणाले. "आवाज जरा वर चढाक लागलो की तो दामटवता." त्याच्या बाजूला कॅपॅसिटर लावला की मास्तरला चुकवून जायची वाट मिळते. आवाज चढतो, पखवाज भरदार वाजतो. काढला की सगळं शिस्तीत, पण जरा दबून. लावलेला बरा की काढलेला, हा काकांचा जन्माचा प्रश्न. त्यासाठीच तो खटका होता.

आणि त्यासाठीच गावातला एकेक माणूस धरून स्टुलावर बसवणं चालायचं. काका लबाडी करत नसत. कॅपॅसिटर लावला की आवाज चढतो आणि माणसं नुसत्या मोठ्या आवाजालाच चांगला म्हणतात, म्हणून खटका वर करताना दुसऱ्या हाताने आवाजाचं बटण फिरवून ते दोन्ही वेळचा आवाज कानाने सारखा करून घ्यायचे. सगळ्यांना फरक कळायचा. "वा काका, काय तो पखवाज!" भजनी मंडळाच्या बुवांनी तर डोळे मिटून मान डोलावली.

माझी पाळी आली तेव्हा मी तीनदा ऐकलं आणि म्हटलं, "काका, माका कायच फरक वाटणा नाय."

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. लगेच उघडला नाही हं, "आधी चाय," म्हणाले. यंत्र बंद केलं तरी आत वीज दबा धरून बसते, ती जाईपर्यंत चहा प्यायचा, हा त्यांचा नेम. चहा झाल्यावर मग पेटी उलटी केली. बघतात तर कॅपॅसिटरची एक तार सोल्डरचा डाग सुटून लोंबकळत होती. किती महिने, देव जाणे! कॅपॅसिटर जोडलेलाच नव्हता आणि गाव वाहवा करत होतं.

काका इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तेव्हापासून नवं काही बनवलं की बोलावणं मला. तार नीट जोडल्यावरही मला फरक कळत नव्हता, अगदी आजपर्यंत कळलेला नाही. दर वेळी मी 'नाय'च म्हणत होते. एकदा न राहवून सांगून टाकलं, माझ्या कानांचा तुम्हाला काही उपयोग नाही.

"माका ठाऊक आसा गो," काका म्हणाले. "कान काय, गावात खूप आसत. खोटा न बोलणारा माणूस एकच आसा."

पोस्टात इतकी वर्षं काढली, पण मला कुणी एवढं मोठं सर्टिफिकेट दिलं नाही.

माझ्या लेकीला, दुर्वाला, तेव्हा दोन वर्षं उलटून गेली होती आणि ती बोलत नव्हती. सासूबाई म्हणायच्या, "तिचो सख्खो काको चार वर्षांनी बोललो. आता गप बसणा नाय." सगळे हसायचे, मीही हसायची. मला ते हवंच होतं ऐकायला.

एका रविवारी दुपारी तिला घेऊन काकांकडे गेले. मी स्टुलावर, दुर्वा खाली सारवलेल्या जमिनीवर सावंतवाडीची लाकडी केळी-आंबे मांडून खेळत बसलेली. तिचीही पाठ यंत्राकडेच. काकांनी खटका वर केला आणि त्या दिवशी नेमकं आवाजाचं बटण उतरवायला विसरले. भजन एकदम चढलं. दुर्वाने मान वर केली, मागे वळली आणि हसली.

काकांनी खटका खाली केला. आवाज कमी झाला, पण तुम्हा-आम्हाला अंगणातही ऐकू येईल एवढा होता. दुर्वा परत केळी-आंब्यांत गेली.

खटका वर. दुर्वा वळली. खटका खाली. तिने पाठ फिरवली. काकांनी हे किती वेळा केलं कोण जाणे. भजन चालूच होतं आणि मला कळेना की हे आज मला काही विचारत का नाहीत. मग त्यांनी यंत्र बंद केलं आणि माझ्याकडे न बघता, दुर्वाकडे बघत म्हणाले, "बाय, चेडवाक कमी ऐकाक येता."

मी भडकले. "तुमी डॉक्टर आसात? तुमच्या त्या खटक्यार माझ्या चेडवाची परीक्षा कित्याक?" तोंडाला येईल ते बोलले. एकट्या माणसाला पोराबाळांतलं काय कळणार, असंही बोलले. ते आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

काका एवढंच म्हणाले, "घराक जा. तिच्या पाठीमागे उभी रव आणि हळू हाक मार. वळली तर वळली म्हण. नाय तर नाय म्हण. पण खोटा सांगा नको, बाय. स्वतःकसुद्धा."

दोन दिवस मी हाक मारली नाही. धीरच होईना. तिसऱ्या दिवशी ती पडवीत खेळत होती. मागे चार पावलांवर उभी राहिले आणि म्हटलं, "दुर्वा." माझा आवाज मलाच नीट ऐकू आला. ती वळली नाही. परत हाक मारली. मग पाय आपटला, तेव्हा वळली आणि हसली. घरातून सासूबाई म्हणाल्या, "खेळात दंग आसा ता." मी म्हटलं, "नाय आई. तिका ऐकाक येणा नाय." म्हटलं आणि तिथेच खाली बसून रडले.

पुढचं लांबण लावत नाही. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर आणलंत, पोर बोलायला शिकेल. मी मनात म्हटलं, मी कुठली आणायला? एका विसरलेल्या बटणाने आणलं.

दोन्ही कानांत ऐकायची यंत्रं बसवून घरी आलो तेव्हा काका आमच्या अंगणात येऊन उभे होते. त्या दिवसानंतर आमचं बोलणं झालेलं नव्हतं. मी काही म्हणायच्या आत त्यांनी हाताने मला गप्प केलं. दुर्वा तुळशीपाशी पाठमोरी होती. काका अगदी हळू, भजनाआधी सूर लावून बघतात तसे म्हणाले, "गो चेडवा."

ती वळली. काकांनी खिशातून रुमाल काढला आणि कितीतरी वेळ चष्माच पुसत राहिले.

दुर्वा बोलायला लागली ती जास्त काकांच्या पडवीत. रोज संध्याकाळी स्टुलावर बसायची, काका खटका वर-खाली करायचे आणि ती "कळलो!" म्हणून ओरडायची. तिला खरंच कळायचं. पखवाज भरला की ती मांडीवर थाप मारायची. जन्माचा प्रश्न सुटला का, असं मी काकांना एकदा विचारलं. म्हणाले, "सुटलो. तिका लावलेलो आवडता, म्हणजे लावलेलोच बरो."

काका गेले त्याला चार वर्षं झाली. छातीत कळ आली आणि गेले. माझ्या त्या बोलण्याबद्दल मी त्यांची माफी कधी मागितलीच नाही. दोन-तीनदा विषय काढला, पण प्रत्येक वेळी ते "आधी चाय" म्हणून उठले. अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी दुर्वाच्या नावाने ठेवला होता, तो आमच्या पडवीत आला.

परवाची गोष्ट. दुर्वा आता तेरा वर्षांची आहे. भजन लावून बसली होती आणि एकदम म्हणाली, "आई, पखवाज बारीक झालो."

मी लक्ष देऊन ऐकलं. "माका तर तसोच वाटता."

"बारीक झालो. खटको वर काय, खाली काय, आता सारखोच." तिने यंत्र बंद केलं, वायर काढली आणि मला म्हणाली, "आधी चाय." मी निमूट चहा ठेवला. चहा झाल्यावर आम्ही दोघींनी पेटी उलटी केली. आतला कॅपॅसिटर सुकून गेला होता, बुडाशी पांढरं काहीतरी जमलेलं. आणि पेटीच्या आतल्या अंगाला, चिकटपट्टीने लावलेला, नवा कोरा कॅपॅसिटर. त्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली. अक्षर काकांचं.

"बाय, आतलो सुकलो की हो घाल. तुका कळाचा नाय. चेडवाक कळात."

दुर्वाने चिठ्ठी मोठ्याने वाचली. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि मी रडते आहे म्हटल्यावर हसायला लागली.

जुन्या बाजारातला रेडिओ दुरुस्त करणारा येऊन नवा कॅपॅसिटर डाग देऊन बसवून गेला. दुर्वाने मला स्टुलावर बसवलं, तोंड दाराकडे. खटका वर झाला, खाली झाला.

"कळलो?"

"नाय गो," मी म्हटलं.

"बरा," मागून ती म्हणाली आणि खटका वर करून ठेवला.