चार्ज दिलास का?

खर्डीच्या पलीकडे पाड्यावरच्या उपकेंद्रात मी नर्स आहे. पेट्रोलसाठी दर वेळी हायवे गाठायचा कंटाळा, म्हणून बॅटरीची स्कूटर घेतली. शोरूमवाल्याने सरकारी अनुदान किमतीतून वजा करून दाखवलं आणि मी हुरळून गेले. गाडी लावणार कुठे, हे ना सरकारने विचारलं ना मी. उपकेंद्रात एकच सॉकेट. त्यात चार्जर घातला की ठिणगी उडायची आणि पंख्यासकट सगळं बंद.

शेवटी खर्डीचे गिरणीवाले काका पावले. आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे गाडी लावायची, तीन-चार तास बसायचं आणि डोक्यावर पीठ घेऊन परतायचं. एका मंगळवारी जाताना दारावर खडूने लिहिलं, ‘चार्जसाठी खर्डीला गेले आहे.’

इथेच घोळ झाला. माझ्या आधीच्या बाई ‘चार्ज देऊन येते’ म्हणाल्या होत्या. बदली झाली होती त्यांची. गेल्या त्या गेल्याच. दोन वर्षं दाराला कुलूप. तेव्हापासून पाड्यावर चार्ज म्हटलं की एकच अर्थ: नर्स गेली.

परतले तर पायरीवर एक आजी आणि तिची दिवस भरलेली सून. सून चक्क रडत होती.

“दिलास चार्ज?” आजीने विचारलं.

“दिला नाही, घेतला. गाडीसाठी.”

“खोटं नको बोलू गो. हिचे दिस भरलं, नि तू चालली.”

मला हसू फुटलं आणि तोंडातच विरलं. कारण गिरणीत बसल्या बसल्या मी बदलीचाच अर्ज लिहिला होता. डिकीत होता तो. भयंकर लाज वाटली मला.

चार्जर काढून दाखवला तेव्हा कुठे आजीला पटलं. “मंग खर्डीला कशाला जातेस? आमच्याकडं लाव. पन जाऊ नको.”

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या ओटीवर गाडी लावली. घरातला एकुलता बल्ब मिणमिणायला लागला. “पिऊ दे तिला,” आजी म्हणाली.

चौथ्या दिवशी पहाटे सुनेला कळा सुरू झाल्या. निरोप येताच मी धावत गेले. गाडी त्यांच्याच दारात, गच्च भरलेली. तिला मागे बसवून, आजीला पायी यायला सांगून मी उपकेंद्र गाठलं.

मुलगी झाली. वजन लिहायला घाईत कागद सापडेना. डिकीतला अर्ज काढला, उलटा केला आणि लिहिलं: दोन किलो आठशे.