एडिथच्या सोंडेचा तणावा

मायलरच्या खाडीत हेडली पेंडरला सगळे ‘का-साहेब’ म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. दोर तुटला की शहाणा माणूस नवा दोर आणतो. हेडली तुटलेली दोन्ही टोकं हातात घेऊन धक्क्यावर बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, “हा नेमका इथेच का तुटला?” त्यात चहा गार व्हायचा, भरती निघून जायची. साठी उलटली तरी फरक नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे लोक त्याच्या तोंडावरच म्हणायचे.

त्याची होडी एडिथ. आमच्या कालवांच्या पट्ट्यावर इंजिन चालवायला बंदी आहे, शीड नाहीतर वल्हं, म्हणून अशा होड्या इथे अजून पोटापाण्याला लागतात. एडिथच्या नाळेतून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकातून, पुढे सोंडेसारखी लांब काठी गेलेली, तिच्या टोकाला पुढचं शीड. वारा भरला की शीड त्या सोंडेला वर उचलू बघतं. ती उचलली जाऊ नये म्हणून टोकापासून खाली, पाण्यालगत नाळेत बसवलेल्या कडीच्या बोल्टापर्यंत एक साखळी ताणलेली असते. हा तणावा. रंगवताना त्याच्याकडे कोणी बघत नाही, आणि सगळा डोलारा मात्र त्याच्या जिवावर.

एडिथवर माणसं दोनच. सुकाणूवर हेडली आणि पुढच्या शिडाच्या दोरीवर त्याची धाकटी बहीण लव्हडे. दोघांची लग्नं झाली, मुलं झाली, केस पिकले, पण कालवांचा हंगाम उघडला की जोडी तीच. लव्हडेच्या हाताला वारा आधी कळतो आणि मग वाऱ्याला, असं खाडीत म्हणत.

गेल्या मार्चमध्ये हंगाम संपता संपता एक जोराचा झपाटा आला. नाळेशी कडाड् असा आवाज झाला, हेडली “सोड!” म्हणून ओरडला, लव्हडेने दोरी सोडली, पण सोंड वर जाऊन मोडली होती आणि मोकाट शिडाची कप्पी हेडलीच्या कपाळावर बसली. टाके पडले, जीव वाचला. त्या दिवसानंतर लव्हडेने एडिथवर पाय ठेवला नाही. ती बेकरीत केशराचे बन वळायला लागली. विचारलं तर म्हणायची, “पुरे झालं आता पाणी.” घाबरली बिचारी, असं गाव म्हणालं. हेडलीलाही तेच वाटलं.

खरी गंमत पुढेच आहे. इतकी मोठी मोडतोड झाली आणि का-साहेब गप्प! धक्क्यावर कोणी विषय काढला तर म्हणायचा, “साखळी जुनी झाली होती,” आणि उठून जायचा. ज्याने आयुष्यभर लोकांचे कान किटवले तो माणूस स्वतःच्या सोंडेबद्दल एक प्रश्न विचारीना.

कारण उत्तर त्याच्या खिशात होतं. टाके निघाले त्याच दिवशी ओहोटीला तो एडिथच्या नाळेशी चिखलात गेला. कडी गायब. लाकडात अडकलेलं बोल्टाचं उरलेलं खोड त्याने आतला नट काढून ठोकून बाहेर काढलं. नटाकडून आरशासारखं चकचकीत, आणि तुटल्या जागी तपकिरी भुगा. नखाएवढाच धातू शाबूत उरला होता. बोल्ट न गंजणाऱ्या स्टीलचा, पण त्या स्टीलला हवा लागते. ओल्या लाकडात, पाण्याखाली कोंडलं की ते आतल्या आत सडतं आणि बाहेरून हसत राहतं. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. आणि तो बोल्ट त्याच्या साठीला लव्हडेने हौसेने आणला होता. जुना गंजका लोखंडी काढून हेडलीने तिच्यासमोरच तो बसवला होता.

हे तिला सांगायचं कसं? आधीच घाबरलेली, त्यात तुझ्याच भेटीने माझं डोकं फुटलं म्हणायचं? हेडलीने ठरवलं, न बोलता असा तणावा बसवायचा की तो बघून तिची भीती जाईल. सप्टेंबर आला. ऑक्टोबरात हंगाम उघडणार होता, आणि लव्हडेशिवाय एडिथ बाहेर काढायची कल्पनाच त्याला सोसत नव्हती.

होडीसामानाच्या दुकानात डेन्झिलने त्याच्यापुढे सगळं मांडलं.

“हा स्टीलचा रॉड बघ. शर्यतवाले हाच नेतात. बैल बांध याला.”

“मजबूत आहे रे. पण मरताना काय करतो?”

“म्हणजे?”

“मरायच्या आधी सांगतो का, की मी चाललो?”

“का-साहेब, तू बोल्ट घ्यायला आलायस की सोयरीक जुळवायला?”

हेडलीने जस्त चढवलेली साखळी उचलली. दुव्यादुव्यावर बोट फिरवलं. जस्त उडालं की ही लाल होणार, नाळेवर गंजाच्या पाण्याचे डाग टाकणार, आंधळ्यालाही कळेल. बोल्टही त्याने तसाच जस्त चढवलेला घेतला, दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना खातात म्हणून. साखळी ताणायला पिळून आवळायच्या टर्नबकलऐवजी वर दोरीचे वेढे घ्यायचे ठरवले. दोरी झिजली की दिसते.

“कुरूप आहे सगळं,” डेन्झिल म्हणाला.

“तक्रारखोर आहे,” हेडली खुशीत म्हणाला. “मला तसंच हवंय.”

साखळी पोत्यात घालून तो थेट लव्हडेच्या स्वयंपाकघरात गेला. ती पॅस्टीच्या, म्हणजे बटाटा-मांसाच्या मोठ्या करंजीच्या, कडा मुडपत होती. त्याने साखळी टेबलावर ओतली आणि जस्ताची थोरवी सुरू केली. मग हवेबद्दल बोलला. मग बटाट्यांबद्दल.

“हेडली, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? कशाला आलायस?”

“तू ये ना परत. ही साखळी आहे ना, ती—”

“साखळीचं सांगू नकोस मला.” तिचा आवाज चिरकला. “जगाला का, का करून हैराण करणारा तू. त्या दिवसाबद्दल मला एक शब्द विचारला नाहीस. तेव्हाच कळलं मला, की तुला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“की माझा हात चुकला. तू ओरडलास आणि मी दोरी उशिरा सोडली. तुझं डोकं फुटलं ते माझ्यामुळे. मला बरं वाटावं म्हणून साखळीची गोष्ट सांगत फिरतोयस गावभर.”

आपल्या गप्प बसण्याचा असा अर्थ होऊ शकतो, हे हेडलीच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याला स्वतःचा भयंकर राग आला. खिशातून बोल्टाचं खोड काढून त्याने तिच्या पिठाच्या हातावर ठेवलं.

तिने ते खिडकीशी नेलं. उलटसुलट केलं. तपकिरी भुगा तिच्या बोटांना लागला.

“हा मी आणलेला.”

“हो.”

“आतून गेला होता?”

“पार. आधी हा तुटला, लव्हडे. मी आवाज ऐकला म्हणून ओरडलो. तू सोडलीस तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. तुझा हात चुकला नाही. तुला बोल्टाचं वाईट वाटेल म्हणून मी—”

“बोल्ट गेला खड्ड्यात!” ती रडत होती आणि हसतही होती. “अरे गाढवा, बोल्ट कोणीही चुकीचा आणेल. मला वाटलं माझे हातच गेले. मार्चपासून रोज रात्री मी ती दोरी सोडतेय.”

हेडलीने तिचे हात धरले, पिठासकट. तिची पकड त्याच्याहून घट्ट होती.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं, साखळीचा एक दुवा वजन करून पाहिला आणि एकदम दाराकडे बघितलं.

“हेडली, माझे पाण्यातले बूट मी देऊन टाकले रे. चर्चच्या जुन्या सामानाच्या बाजारात. कोणी नेले असतील?”

पॅस्ट्या तशाच कच्च्या टाकून दोघं बूट शोधायला निघाली.